एका वाडीत एकच लिनक्स

मुंबईच्या कचेऱ्यांतून आणि खोल्यांतून निघालेला जुना संगणक महाड-पोलादपूरच्या आतल्या गावांत येतो तो चाकरमान्यांबरोबर. गणपतीला नाहीतर मे महिन्यात. चार जीबी रॅम, खरखरणारी हार्ड डिस्क, पाचव्या-सहाव्या पिढीचा प्रोसेसर. गावी तो मुलांच्या अभ्यासाला लागतो, सातबारा काढायला लागतो, पतपेढीचा हिशेब लिहायला, भजनी मंडळाची पत्रिका टाइप करायला, लग्नाचे फोटो साठवायला. अशा कामांना तो पुरेसा आहे आणि आणखी सात-आठ वर्षं पुरेल.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वर्षभराची मुदतवाढ ठेवली, पण पुढचा रस्ता विंडोज ११ कडेच जातो. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीची जवळपास सगळी यंत्रं बाद. महाड तालुक्यातल्या तळीयेच्या घरात चालू असलेला संगणक म्हातारा झाला, हे त्या घराने ठरवलेलं नाही आणि यंत्रानेही सांगितलेलं नाही. घरच्या संगणकावर कोणती प्रणाली असावी हा प्रश्न मी इथून सुरू करतो: हे यंत्र किती काळ चालवायचं, हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे राहणार?

लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीचा प्रचार करणारे बहुतेकजण आधी किमतीवर बोट ठेवतात. विंडोजला हजारो रुपये मोजावे लागतात, लिनक्स फुकट आहे, म्हणून लिनक्स घ्या. आमच्या भागात हा युक्तिवाद पहिल्याच वाक्याला पडतो, कारण इथे विंडोजला कुणी पैसे मोजलेलेच नसतात. ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हटलं की दुकानदार पेनड्राइव्ह लावतो, विंडोज टाकतो, क्रॅकने अ‍ॅक्टिव्हेट करतो, ऑफिस आणि फोटोशॉपही टाकून देतो आणि फक्त मजुरी घेतो. हे काही महाडपुरतं नाही. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ साली भारतातल्या संगणकांवरचं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं. तेव्हा गावातल्या माणसापुढची खरी निवड ‘विकतचं की फुकटचं’ अशी नसते. दोन्ही फुकटच आहेत. त्यातलं एक चोरीचं आहे आणि दुसरं हक्काचं, एवढा फरक आहे.

चोरीच्या फुकटाची किंमत उशिरा कळते. क्रॅक टिकावा म्हणून दुकानात अपडेट बंद करून देतात. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्या फाइलमध्ये आणखी काय दडलं आहे, हे दुकानदारालाही माहीत नसतं. त्याच यंत्रावर मग बँकेचा पासवर्ड टाइप होतो. अपडेट न केलेल्या यंत्रांचं काय होतं, हे आपल्याच रायगड जिल्ह्याने मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदराचं एक टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर जागच्या जागी अडकले. तो प्रोग्रॅम ज्या भगदाडांतून शिरत होता, त्यातलं एक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच निघालं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांच्याकडे त्याला दार उघडं होतं. मोठ्या कंपनीने आपली यंत्रणा पुन्हा उभी केली. गावातल्या घराचे फोटो आणि हिशेब असे गेले तर ते परत आणून देणारं कुणी नसतं.

विकत घेतलेलं, कायदेशीर विंडोज ११ का नको, यालाही उत्तर द्यायला हवं. नवं यंत्र घेण्याची ऐपत असलेली घरं आमच्याकडे आहेत. पण विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती पहिल्यांदा सुरू करतानाच इंटरनेट मागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. त्यातून निसटायच्या वाटा कंपनी एकेक करून बंद करते आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या ऑनलाइन खात्यात जाते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपसाठी ही चांगली सोय आहे. पण आमच्या भागात लॅपटॉप चोरीला जाण्याची भीती कमी आणि पुराची जास्त.

२२ जुलै २०२१ ला तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. महाड शहर सावित्री-गांधारीच्या पाण्यात होतं, रस्ते बंद होते, आणि तळीयेला मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये दासगाव आणि जुईवर दरडी कोसळल्या होत्या. त्या दिवसांपुढे संगणकाची गोष्ट फार लहान आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही या मुलुखात कोणतीही वस्तू घरात आणताना तिला एक प्रश्न विचारावाच लागतो: वीज, रस्ता आणि नेट हे तिन्ही तुटले तर ही वस्तू आपल्या ताब्यात राहते का? पुराच्या पाण्यातून यंत्र काढलं, मदरबोर्ड मेला, पण डिस्क वाचली. ती डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली आणि पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली गेली. ती किल्ली ज्या खात्यात आहे ते खातं दुकानदाराने आपल्या मोबाइल नंबरावर उघडलेलं, किंवा त्याचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही. नुकसानभरपाईच्या अर्जाला लागणारे सातबाराचे उतारे, आधारची प्रत, पासबुकाचे फोटो सगळे त्या डिस्कवर. लिनक्सवरही डिस्क कुलूपबंद करता येते, पण ते करायचं की नाही हे प्रणाली बसवताना विचारलं जातं, आणि परवलीचा शब्द घरातच राहतो. वहीत लिहून ठेवा, मुंबईच्या भावाला सांगून ठेवा, तुमची मर्जी.

दूरच्या कुणाच्या हातात बटण असणं म्हणजे काय, याचा अनुभव मोठ्यांनाही आला आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेलकंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसारख्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले होते, भारताचा कोणताही कायदा मोडलेला नव्हता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. ही गोष्ट प्रणालीची नसून ऑनलाइन सेवांची आहे, हा फरक मान्य करतो. पण प्रणाली जसजशी ऑनलाइन खात्याला बांधली जाते तसतसा हा फरक पुसट होत जातो, आणि वाडीतल्या घराला दिल्लीच्या न्यायालयाचं दार दिसतही नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. स्रोत उघडा आहे म्हणून प्रणाली आपोआप सुरक्षित होत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्या मुक्तस्रोत साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. हे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं आणि वर्षानुवर्षं एकच थकलेला माणूस ते सांभाळत होता. अज्ञात मदतनीसाने त्याचा विश्वास कमावला आणि घात केला. तो चोरदरवाजा पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, जोडणीला अर्धा सेकंद उशीर का होतो आहे हे खोदत जाऊन. कोड उघडा होता म्हणून त्याला शेवटपर्यंत खोदता आलं, हे खरं. पण त्याने खोदलं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्नही खराच आहे. यातून मी एवढंच घेतो की घरच्या यंत्रावर नव्यातलं नवं असण्याचा सोस नको. तो चोरदरवाजा कोऱ्या, चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत पोचला होता. मुरलेल्या, दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्त्यांपर्यंत पोचला नव्हता.

आणि काही घरांनी लिनक्स घेऊ नये. टॅलीवर जीएसटीचं काम करणारं घर असेल, महा-ई-सेवा केंद्र चालवणारं असेल आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचे ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी मिळत असतील, श्री-लिपी आणि पेजमेकरवर लग्नपत्रिका लावणारं असेल, तर त्या यंत्रावर विंडोजच ठेवावं, आणि ते विकत घ्यावं. त्या कामातून पैसे मिळतात, तर त्यातून परवान्याचे द्यावेत. प्रिंटरचीही खबरदारी हवी. भारतात अतिशय खपलेले काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवणं हे डोकेदुखीचं काम आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र जोडले की चालतात. डिजिटल सही असलेला सातबारा डाउनलोड होतो, वाचता येतो, छापता येतो. सहीवरची हिरवी खूण तपासण्यासाठी अनेकजण वापरतात तो अडोबी रीडर मात्र २०१३ नंतर लिनक्ससाठी निघालेला नाही, तिथे ओक्युलरसारखं दुसरं साधन शिकावं लागतं. या गोष्टी लपवून लिनक्स गळ्यात मारणारा माणूस लिनक्सचंच नुकसान करतो. तिसऱ्या आठवड्यात प्रिंटर चालत नाही म्हणून ते यंत्र दुकानात जातं आणि क्रॅक घेऊन परत येतं.

आता कोणतं लिनक्स, हा प्रश्न. इंटरनेटवर या प्रश्नाची शंभर उत्तरं मिळतात आणि ती सगळी एकट्या माणसासाठी दिलेली असतात: तुमचं यंत्र कसं आहे, तुम्हाला दिसायला काय आवडतं, तुम्ही किती शिकायला तयार आहात. माझा मतभेद इथे आहे. ही निवड एकट्याने करण्याची नाहीच. डोंगरातल्या गावांत एकाच कंपनीच्या मोटरसायकली जास्त दिसतात, कारण तिचे सुटे भाग महाडच्या दुकानात मिळतात आणि बिरवाडीच्या मेकॅनिकचा हात तिच्यावर बसलेला असतो. त्याहून चांगली गाडी बाजारात असेल, पण ती घाटात बंद पडली तर ढकलत आणावी लागते. प्रणालीचंही तसंच आहे. ज्या प्रणालीबद्दल विचारायला शेजारी माणूस आहे, ती चांगली. शेजारी कुणीच नसेल, तर जगातली उत्तम प्रणालीही पहिल्या अडचणीला उतरते.

याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या अमेरिकेतून निघालेल्या चळवळीचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत झाला. एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे, मुलांच्या हाताला बसणारे लॅपटॉप, त्यावर फेडोरा लिनक्स आणि वर ‘शुगर’ नावाचा मुलांसाठी बनवलेला पडदा. २५६ एमबी रॅम. लॅपटॉप एकमेकांशी थेट बोलत, मधे इंटरनेट लागत नसे. धनगरवाड्यातली पोरं ते वापरू लागली, त्यात लिहू लागली, फोटो काढू लागली. गरीब वाडीला लिनक्स झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांना ते खैरातने तेव्हाच खोडून दाखवलं होतं. पण त्या प्रयोगाची राज्यात योजना झाली नाही. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या कल्पनेला नकार दिला होता. शेजारच्या शाळेत तेच यंत्र नाही, कर्जतच्या दुकानात तेच नाही, मूल मोठं होऊन ज्या वर्गात जाणार तिथे तेच नाही. २००१ पासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत पोचला. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं, आणि त्या वर्गांत संगणक म्हणजे विंडोज हेच शिकवलं गेलं. एक वाडी एकीकडे आणि सगळा महाराष्ट्र दुसरीकडे, अशी ती गोष्ट होती.

त्याच २००१ साली केरळने आयटी@स्कूल हा प्रकल्प सुरू केला आणि काही वर्षांत तो लिनक्सवर नेला. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकं त्यावरच लिहिली, दहावीची आयटीची परीक्षा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आणली. आता काईट ही सरकारी कंपनी उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती काढते. तीच घरी बसवायलाही मोकळी आहे. २०१९ मध्ये दोन लाख संगणकांवर ती बसवताना तीन हजार कोटी रुपये वाचतील असा काईटचा अंदाज होता. पैशाहून मला दुसरी गोष्ट मोठी वाटते: केरळच्या खेड्यात मुलाच्या घरच्या संगणकावर काही अडलं, तर शाळेतल्या शिक्षकाला तीच प्रणाली माहीत असते. उबुंटू विंडोजपेक्षा सरस होतं की नव्हतं, यावर ते यश अवलंबून नव्हतं. सगळ्यांनी एकच घेतलं यावर होतं. उलट जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये ठरवून आपले हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत फिरायचा निर्णय घेतला. आजूबाजूची सगळी कचेरी-दुनिया दुसऱ्या प्रणालीवर असताना एकटं शहर किती थकतं, हे तिथे दिसलं.

म्हणून महाड आणि पोलादपूर तालुक्यांसाठी मी एकच नाव घेतो: लिनक्स मिंट. चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर त्याची सिनॅमन ही आवृत्ती, कमी असेल तर एक्सएफसीई ही. आधीच सांगतो की मिंटपेक्षा शुद्ध तत्त्वाची प्रणाली डेबियन आहे, आणि आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर बेतलेली बॉस ही प्रणाली भारतीय भाषांसाठीच बनवलेली आहे. फेडोरावर पुण्याच्या अभियंत्यांनी मराठीसाठी केलेलं काम मोठं आहे. पण फेडोराची एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने चालते आणि मग गिगाबाइटांचा नवा डाउनलोड. घाटाखालच्या नेटवर, एका दांडीच्या सिग्नलवर, ते वर्षाला एकदा करायला लावणं हा जाच आहे. उबुंटू काही प्रोग्रॅम स्नॅप नावाच्या पद्धतीने देतं, त्याचे डाउनलोड जड असतात आणि जुन्या डिस्कवर ते सावकाश उघडतात. बॉस वापरणारा माणूस तालुक्यात शोधून सापडणं कठीण. मिंटचा पडदा विंडोज ७ वापरलेल्या माणसाला ओळखीचा वाटतो; त्यातली २२ वी मालिका जुलै २०२४ मध्ये निघाली आणि एप्रिल २०२९ पर्यंत तिला सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. तीन जीबीच्या आसपासची फाइल महाडात एकदा उतरवायची आणि पेनड्राइव्हने वाडीवाडीत न्यायची. त्याच पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, आधी चालवून बघता येतं: वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का. हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घातली तर दहा वर्षांचं यंत्र पुन्हा कामाला उभं राहतं. घरच्या खर्चात एवढा एकच खर्च मी धरतो.

मराठीचं काय, असं विचारणाऱ्यांना सांगतो, या बाबतीत लिनक्सवर फार अडत नाही. आयबस या टायपिंगच्या साधनात इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, गमभनही आहे, आणि एकदा बसवल्यावर ते इंटरनेटशिवाय चालतात. जोडाक्षरं पडद्यावर नीट उमटवण्याचं काम हार्फबझ हे मुक्त साधन करतं. तेच साधन अँड्रॉइड फोनमध्येही आहे, म्हणजे वाडीतल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनवर आलेला मराठी निरोप मुक्तस्रोताच्या हातूनच वाचला जातो. त्या फोनच्या तळाशी कर्नल लिनक्सचंच आहे. खरा त्रास जुन्या फाइलींचा होतो. श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कित्येक पतपेढ्यांची, देवस्थानांची, ग्रामस्थ मंडळांची दोन-दोन दशकांची इतिवृत्तं अशीच पडून आहेत. ती युनिकोडमध्ये बदलून घेण्याचं काम प्रणाली बदला अथवा नका बदलू, करावंच लागेल; नाहीतर मंडळाच्या घटनेत कोणती दुरुस्ती कधी झाली हे सांगणारा कागद आपल्याच घरात असून आपल्याला वाचता येणार नाही. मी तर म्हणेन की एखाद्या मंडळाने लिनक्स घेतलं नाही तरी चालेल, पण हे काम या पावसाळ्याआधी करावं.

एकाच प्रणालीवर यायचं ठरवलं तर सुरुवात कुणी करायची? सरकारने केली तर उत्तमच, पण त्याची वाट बघण्यात खैरातनंतरची वर्षं गेली. महाडच्या दुरुस्तीच्या दुकानदारांशी बोलणं हे पहिलं काम आहे, कारण गावाची प्रणाली आज तेच ठरवतात. त्यांना क्रॅक टाकायची हौस नाही. गिऱ्हाईक तेच मागतं म्हणून ते देतात. मिंट बसवण्याची मजुरी तेवढीच घ्यावी, आणि वर्षातून एकदा अपडेट करून देण्याची थोडी वेगळी, असं ठरलं तर त्यांचं उत्पन्न कमी होत नाही. दुसरं काम महाविद्यालयांतल्या आणि आयटीआयमधल्या मुलांचं. संगणक शिकणाऱ्या दोन-तीन मुलांनी आपापल्या वाडीची जबाबदारी घेतली, म्हणजे चुलत्याच्या घरचा संगणक, शाळेचा संगणक, ग्रामपंचायतीच्या वाचनालयातला संगणक यांवर तीच आवृत्ती, तोच मराठी कळफलक, तोच ब्राउझर ठेवला, तर ‘हे लिनक्सवर कसं करायचं’ हा प्रश्न इंटरनेटला विचारावा लागणार नाही. तो हाकेच्या अंतरावर विचारता येईल. तिसरं काम चाकरमान्यांचं. यंत्र मुंबईहून पाठवण्याआधी डिस्क पुसून, मिंट बसवून, एसएसडी घालून पाठवा, आणि जाताना त्या प्रणालीचा एक पेनड्राइव्ह घरात ठेवा.

चालू मालिका एप्रिल २०२९ ला संपेल. पुढच्या मालिकेवर एकत्र जायचं तर त्याची तयारी २०२८ च्या मे महिन्यात करावी लागेल, कारण गावात सगळी माणसं आणि सगळी यंत्रं एका वेळी असतात ती मे महिन्यातच, आणि जूनपासून घाटात ना वीज टिकते ना नेट.